रुआन सरांचं एक वाक्य

१

"हे ह्यांनी म्हटलेलंच नाही," असं म्हणत रुआन काकूंनी माझ्या टेबलावर चार पानं आपटली. त्या धक्क्याने चहाचा पेला कलंडला आणि पानं भिजू लागली. मी ती घाईघाईने उचलली. काकूंनी मात्र हातसुद्धा हलवला नाही. तीन दिवस दवाखान्याच्या बाकावर काढून आलेल्या बाईला ओल्या कागदाचं काय वाटणार?

मी थोंग युन्झ. आधी पोलिसात होते, आता बीजिंगच्या पश्चिमेकडच्या एका संशोधन संस्थेत सुरक्षा विभाग बघते. आमच्या संस्थेचं काम सांगायला सोपं आहे. आपल्या देशाभोवती इतर देश कोणते डाव मांडतायत ते ओळखायचं आणि वर कळवायचं. अमेरिका, जपान, भारत, ऑस्ट्रेलिया यांनी मिळून 'हिंद-प्रशांत' नावाचं जे काही उभं केलंय, त्यावर तर आमच्या दोन मजल्यांचा संसार चालतो. एक गट म्हणतो, हा आपल्याभोवतीचा वेढा आहे. दुसरा म्हणतो, छे, चार दिवसांची जत्रा आहे, आपोआप पांगेल.

रुआन पेइशान सर दोन्हींत नव्हते. त्यांचं म्हणणं असं, की हे जाळं अमेरिकेने विणलेलं नाहीच. तिने फक्त दोरा पुरवला. गाठी मारल्या त्या आपल्याच शेजाऱ्यांनी, प्रत्येकाने आपापल्या भीतीने. आपण जितका दम देऊ तितकी एकेक गाठ आवळत जाईल. हे ते गेली दहा वर्षं सांगत होते. दहा वर्षं त्यांना हारतुरे मिळायचे आणि त्यांचे अहवाल कपाटात जायचे.

गेल्या आठवड्यात एका मेजवानीत मंत्रालयातल्या कुणी बड्या माणसाने त्यांचा हात हातात घेतला. म्हणाला, "सर, तुमचा अहवाल वाचला. फार धीर आला." बस, एवढंच. रुआन सरांना आश्चर्य वाटलं. त्यांचं बोलणं ऐकून आजवर कुणाला धीर आला नव्हता. त्यांनी संचालकांकडे प्रत मागितली. दुसऱ्या दिवशी ती मिळाली. त्याच्या पुढच्या सकाळी बाजरीची पेज पिता पिता ते वाचत होते आणि एका ओळीवर बोट ठेवून थांबले.

"मला ती ओळ दाखवली," काकू म्हणाल्या. "म्हणाले, 'हे असं नाही.' पुन्हा म्हणाले, 'हे असं नाही गं.' आणि वाडगा खाली पडला."

उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि बोलणं गेलं.

"कोणती ओळ, काकू?"

त्यांनी बोट ठेवलं. मी वाचलं: *हे निळ्या नायलॉनचं जाळं आहे. ते तोडणं अवघड नाही.*

"हे तुम्ही अजून कुणाला सांगितलंत?"

"कुणाला सांगू? सगळे फुलं घेऊन येतात नि घड्याळ बघतात. तू पोलिसातली, म्हणून तुझ्याकडे आले."

ज्या बैठकीत सर बोलले आणि ज्यावरून हा अहवाल दुसऱ्यांनी लिहिला, ती उन्हाळ्याच्या अखेरीस बंद दाराआड झाली होती. सरांशिवाय खोलीत तिघंच होते. पण बैठकीचं ध्वनिमुद्रण होतं. काकूंना टॅक्सीत बसवून मी तडक दुसऱ्या मजल्यावर गेले, कपाट उघडलं आणि यंत्र कानाला लावलं.

नुसती खरखर होती. कुणीतरी सगळं पुसून टाकलं होतं.

२

संचालक पांगसाहेब खिडकीशी उभे राहून सूर्यफुलाच्या बिया फोडत होते. हिवाळ्यात खोल्या उबदार ठेवणारे गरम पाण्याचे नळ संस्थेत अजून सुरू व्हायचे होते आणि ते अंगावर ओव्हरकोट घेऊनच बसत.

"थोंगताई, म्हातारा आजारी पडला याचं मलाही वाईट वाटतंय," ते म्हणाले. "पण त्यात गुन्हा कुठे आला?"

"अहवाल बदलला गेलाय असं घरच्यांचं म्हणणं आहे."

"बदललाय कुणी? सरांच्या त्या शिष्याने, येनने, मसुदा लिहिला, छ्यूबाईंनी तपासला, मी सही केली. नेहमीचीच रीत."

"बैठकीत सर काय म्हणाले ते तुम्हाला आठवतं?"

पांगसाहेब हसले. "खरं सांगू? त्या माणसाचं बोलणं मला अर्धं कळतच नाही. यांगत्सेकाठचा माणूस. त्यांच्या गावी 'न'चा 'ल' करतात आणि 'ल'चा 'न'. एकदा इथल्या खानावळीत त्यांनी 'ल्यूलाई' मागितलं. आता दूध म्हणजे न्यूनाई! पोरगी बिचारी स्वयंपाकघरात जाऊन विचारून आली, की असला पदार्थ आपण करतो का. येन पलीकडच्या टेबलावर होता, तो ओरडला, 'अगं, दूध दे सरांना!' मी बैठकीत मान डोलवतो आणि नंतर येनचा मसुदा वाचतो. पंधरा वर्षं येनच आमचा दुभाषा."

"मग त्या दिवशीही येनवरच भिस्त?"

"अर्थात. आणि बिचाऱ्याने प्रामाणिकपणे कबूलही केलंय. सरांना दवाखान्यात हलवलं त्या सकाळीच माझ्याकडे आला. डोळे सुजलेले. म्हणाला, 'साहेब, मसुद्यात माझ्याकडून एक शब्द चुकीचा ऐकला गेला. माझ्यामुळे सरांना धक्का बसला.' मी म्हटलं, रडू नकोस, माणूस चुकतो."

"कोणता शब्द?"

"मी विचारलंच नाही. कशाला विचारू? अहवाल वर गेला, आवडला. आता एका शब्दासाठी तो परत मागवायचा म्हणजे..." त्यांनी बियांची टरफलं कागदात गुंडाळली. "तुम्हालाही कळतं, थोंगताई. एवढी चौकशी करा आणि 'ऐकण्यातली चूक' असं लिहून टाका. बरं, ध्वनिमुद्रण ऐकलंत का?"

"पुसलंय."

पांगसाहेबांचा हात थांबला. एकदम गोरेमोरे झाले. "पण त्या कपाटाची किल्ली," ते हळूच म्हणाले, "तुमच्याकडची सोडली तर फक्त छ्यूबाईंकडे असते."

३

छ्यू मिनयान आणि रुआन सर यांचं भांडण आमच्या क्षेत्रात प्रसिद्ध. 'जत्रा पांगेल' हा सिद्धान्त बाईंचाच. "एका ताटात जेवायला बसलेत, पण प्रत्येकाचं पथ्य वेगळं," असं त्या भाषणात म्हणायच्या आणि सभागृह हसायचं. भारत कुणाचं ऐकून घेणार नाही, दक्षिणेकडचे छोटे देश दोन्हीकडून पदरात पाडून घेतील, जपानची भीती ऑस्ट्रेलियाला कळणार नाही, अशी त्यांची मांडणी. सरांचं वाक्य उलटं झाल्याने फायदा झालाच, तर तो त्यांचा.

मी त्यांना आडवळणाने विचारलंच नाही.

"ध्वनिमुद्रण तुम्ही पुसलंत?"

"हो."

मी पोलिसात इतकी वर्षं काढली, पण इतक्या पटकन आलेलं उत्तर क्वचितच ऐकलं असेल. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"दार लावून घ्या," त्या म्हणाल्या. "सरांसाठी नाही पुसलं. माझ्यासाठी पुसलं. त्या दिवशी सर बोलून थांबले आणि मी... मी म्हणून गेले, की सर, तुमचं खरं आहे. ही मंडळी पांगणार नाहीत. मलाही आता तसंच दिसतंय, पण मला ते लिहिता येणार नाही."

"पांगसाहेब होते ना तिथे?"

"ते फोन घ्यायला बाहेर गेले होते. पण यंत्र चालूच होतं. माझी तीन पुस्तकं उलट म्हणतात, थोंगताई. माझी पाच पोरं त्या सिद्धान्तावर प्रबंध लिहितायत. ते ध्वनिमुद्रण उद्या कुणी ऐकलं असतं तर?"

"म्हणजे सर काय म्हणाले ते तुम्हाला नीट कळलं होतं."

"कळणार नाही? त्यांचे वडील नदीवर मासे धरायचे. सर सांगत होते, पूर्वी तागाची जाळी असत, दोन पावसाळ्यांत कुजायची. मग निळ्या नायलॉनची आली, ती कुजेनात. 'हे जाळं नायलॉनचं आहे, ते लान नाही.' लान म्हणजे कुजकं. अर्थात त्यांच्या तोंडून ते 'नान' असं आलं."

"आणि 'नान' म्हणजे अवघड."

"हो. नवख्या माणसाने ऐकलं, तर 'ते जाळं अवघड नाही'. पण पुढचंमागचं ऐकलं की कुणालाही कळतं. नायलॉनचं जाळं हाताने तोडून बघितलंय का कधी? बोट कापतं."

"मग मसुदा तपासताना तुम्हाला ते वाक्य खटकलं नाही?"

बाईंनी खिडकीकडे मान वळवली. बाहेर गिंको झाडाखाली झाडूवाल्या पिवळ्या पानांचे ढीग करत होत्या, त्याचा आवाज तेवढा येत होता.

"खटकलं," त्या म्हणाल्या. "मसुदा माझ्याकडे आला तेव्हाच ते वाक्य तसं होतं. मला वाटलं, सरांनीच येनला सांगून बोथट केलं असेल. दमले असतील म्हातारपणी. आणि मला... मला सुटल्यासारखं वाटलं. सर खाली उतरले, म्हणजे मी एकटी भेकड नाही."

मी उठले. दाराशी गेल्यावर त्यांनी हाक मारली.

"हे मी कुठे लिहून देणार नाही हं. विचारलंत तर म्हणेन, असं बोलणं झालंच नाही."

४

दवाखान्याच्या चौथ्या मजल्यावर रुआन सर उशीला टेकून बसले होते. तोंड एका बाजूला ओढलेलं. येन लीछुआन त्यांच्या अंगावरचा सदरा बदलत होता. उंच, वाकलेल्या खांद्यांचा, चाळिशीचा माणूस. ईशान्येकडच्या थंड मुलखातून वयाच्या पंचविशीत सरांकडे शिकायला आला आणि राहिला. सरांना मूलबाळ नाही. सणाची मोमोसारखी करंजी, च्याओझ, लाटायला काकूंच्या शेजारी हाच बसायचा.

सर घशातून काहीतरी बोलले. मला ते नुसतं गुरगुरणं वाटलं. उशाशी उभ्या असलेल्या परिचारिकेने पाण्याची नळी पुढे केली. सरांनी मान फिरवली.

"पाणी नकोय," येन सदऱ्याची गुंडी लावता लावताच म्हणाला. "खिडकी लावा म्हणतायत. वारा लागतोय त्यांना."

परिचारिकेने खिडकी लावली. सरांनी डोळे मिटले. शांत झाले.

"तुम्हाला बरं कळतं हो!" ती म्हणाली. "डॉक्टरांनाही समजत नाही यांचं."

येन हसला नाही. आम्ही दोघं बाहेर व्हरांड्यात आलो.

"तुम्ही कशासाठी आलात ते माहीत आहे मला," तो म्हणाला. "सगळी चूक माझी. 'लान'ऐवजी 'नान' ऐकलं मी. कुजकं नाही, असं सर म्हणाले असणार, मी 'अवघड नाही' लिहिलं. काय शिक्षा द्यायची ती द्या. मी सही करतो."

त्याचे डोळे भरून आले होते आणि ते रडणं खोटं नव्हतं. म्हणूनच मला पुढचं विचारायला जड गेलं.

"येन, एक सांग. कोणतं वाक्य चुकलं हे तुला कुणी सांगितलं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरत गेलं.

५

"काकूंनी फक्त मला सांगितलं," मी म्हटलं. "पांगसाहेबांना आजही माहीत नाही. सर आजारी पडले, त्यानंतर त्यांना एक वाक्य धड बोलता आलेलं नाही. चार पानांत शेकडो शब्द आहेत. त्यातला नेमका कोणता चुकला हे, त्याच सकाळी पांगसाहेबांकडे जाऊन रडण्याइतकं, तुला पक्कं माहीत होतं. ज्याला चुकीचं ऐकू येतं, येन, त्याला ते चुकीचं आहे हे कळत नसतं."

"मी नंतर विचार केला... सरांनी प्रत मागितली असं कळलं तेव्हा मी पुन्हा वाचून पाहिलं..."

"आणि पंधरा वर्षं ज्याला सरांचं दूध, नायलॉन, खिडकी सगळं कळतं, जो आत्ता त्यांच्या लुळ्या जिभेतूनही अर्थ काढतो, त्याला तेवढा एक शब्द कळला नाही? त्याच ओळीत सर 'लीनोंग' म्हणाले असणार. तू बरोबर 'नीलोंग', नायलॉन, लिहिलंस. म्हणजे त्या ओळीत तुझा कान शाबूत होता."

तो बाकावर बसला.

"आधी मला वाटलं, तू कुणाला तरी पाठीशी घालतोयस," मी म्हटलं. "पण पांगसाहेब किंवा छ्यूबाई कागदावरचं वाचतात. कागदावर 'लान' आणि 'नान' यांची अक्षरं एकमेकांसारखी दिसतसुद्धा नाहीत. त्यांना वाक्य फिरवायचं असतं तर त्यांनी कमकुवत, तात्पुरतं, काहीही लिहिलं असतं. कानाला सारखा वाटेल असा शब्द मुद्दाम शोधायची गरज एकालाच होती. पुढेमागे विचारलं तर 'मला तसं ऐकू आलं' हे सांगायची सोय फक्त ऐकून लिहिणाऱ्याला असते. तू शब्द बदललास तेव्हाच सुटायची वाटही त्यात ठेवलीस."

खाली अंगणात कुणीतरी भाजलेल्या रताळ्यांची गाडी लावली होती. तो वास व्हरांड्यापर्यंत येत होता. येन तिकडे बघतच बोलला.

"तुम्हाला काय वाटतं, मी बढतीसाठी केलं?"

"मला काहीच वाटत नाही. तू सांग."

"गेल्या वर्षी सरांचे तीन अहवाल मी जसेच्या तसे पाठवले. शब्द न शब्द. माहितीय काय झालं? शिष्टमंडळातून त्यांचं नाव काढलं. मग व्याख्यानं बंद. वसंतात पांगसाहेबांनी मला बोलावून सांगितलं, 'तुझ्या म्हाताऱ्याला आवर. लोक विचारतायत की हा नेमका कुणाच्या बाजूचा.' कुणाच्या बाजूचा! सरांबद्दल! आणखी एक तसला अहवाल गेला असता तर संस्थेचं घर काढून घेतलं असतं, कदाचित त्याहून वाईट. या वयात त्यांनी कुठे जायचं?"

"म्हणून तू त्यांना न विचारता त्यांच्या तोंडचं वाक्य उलटं केलंस."

"विचारलं असतं तर त्यांनी हो म्हटलं असतं का?" त्याचा आवाज चढला. "ताई, खरं वाक्य कुणी वाचणार नव्हतं. कपाटात जाणार होतं. मग ते असलं काय नि नसलं काय! मी एक शब्द दिला आणि माणूस वाचवला, असं मला वाटलं. त्यांना कळणारही नव्हतं. तो मूर्ख मेजवानीत जाऊन हात दाबेल हे मला काय ठाऊक?"

मी त्याला विचारलं, की आता खरं काय ते लिहून देशील का.

"देतो," तो म्हणाला. "तुम्ही पुढे पाठवणार असाल तर."

६

पांगसाहेबांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हुशार आहात. वाया गेलात इथे." येनचा कबुलीजबाब त्यांनी खणात ठेवला आणि माझ्यासमोर छापील कागद सरकवला. त्यावर 'उच्चारातील फरकामुळे ऐकण्यातील चूक. आशयास बाधा नाही' असं आधीच लिहिलेलं होतं. तारीख मी चौकशी सुरू केली त्याच दिवसाची होती. मी सही केली नाही. माझ्या हाताखालच्या माणसाने केली.

हिवाळा संपता संपता दक्षिणेकडच्या एका छोट्या शेजाऱ्याने पलीकडच्या गटाशी बंदरांचा करार केला. आमच्याकडच्या कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं, असं सगळे म्हणू लागले. वरून विचारणा झाली, की तज्ज्ञ काय करत होते? मोठी बैठक बसली. पांगसाहेब उठले आणि अतिशय गंभीर आवाजात म्हणाले, "आपण सगळेच चुकलो. रुआन सरांसारखा जाणता माणूससुद्धा लिहून गेला, की हे जाळं तोडणं अवघड नाही." मग त्यांनी ती ओळ वाचून दाखवली. छ्यूबाई समोरच्या रांगेत होत्या. त्या पेनाचं टोपण लावत होत्या, काढत होत्या. येन मागे भिंतीशी उभा होता. विभागप्रमुख झाल्यापासून त्याला बसायला खुर्ची होती, तरी उभा होता.

पुढे तेच कायम झालं. नव्या मुलांना शिकवताना सरांच्या त्या वाक्याचं उदाहरण देतात. मोठी माणसंही कशी गाफील राहतात, त्याचं.

बैठकीनंतरच्या रविवारी मी सरांच्या घरी गेले. ते खुर्चीत बसून बाहेर बघत होते. डोळे स्वच्छ होते. त्यांना बंदरांचा करार कळला होता, बैठकीत काय झालं तेही कळलं होतं. काकू रोज वर्तमानपत्र वाचून दाखवायच्या आणि भेटायला येणारे उरलेलं सांगायचे. मी शेजारी बसले. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि काहीतरी बोलले. एकदा, दोनदा. मला कळेना. काकूंनाही कळेना.

काकू मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. कणीक भिजवून ठेवली होती.

"तुला सगळं समजलंय ना?" त्यांनी विचारलं. "कुणी केलं ते."

"हो काकू. सांगायलाच आलेय."

"थांब." त्यांनी पिठाचा हात वर केला. "पांगने केलं का?"

"नाही."

"त्या छ्यूने?"

"नाही."

त्यांनी बादलीतल्या पाण्यात हात धुतले, पदरासारखा ओढलेला ॲप्रन नीट केला आणि फार हळू आवाजात म्हणाल्या, "मग नको सांगूस. सांगितलंस तर मला त्याला दार बंद करावं लागेल. ह्यांना उचलून न्हाणीत कोण नेणार? ह्यांचं बोलणं मला कोण सांगणार?"

तेवढ्यात घंटी वाजली. काकूंनी जाऊन दार उघडलं.

"आलास का," त्या म्हणाल्या. "बघ बरं, सकाळपासून काहीतरी सांगतायत. काय म्हणतायत ते?"

येन बूट काढून आत आला. सरांच्या खुर्चीपाशी गुडघे टेकून बसला आणि कान त्यांच्या तोंडाजवळ नेला. सर बोलले. पुन्हा बोलले. येनची मान खाली गेली.

"काय म्हणाले रे?" काकूंनी विचारलं.

"काही नाही, काकू," तो म्हणाला. "पाणी हवंय त्यांना."